तोंडी ठरलेलं भाडं कोर्टात किती टिकतं?

या महिन्यात सोलापूर शहरातून आलेली बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: घर, दुकान किंवा कारखान्याची शेड तोंडी बोलण्यावर घेतली वा दिली, आता बिनसलंय, पुढे काय? म्हणून हे सदर त्याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडी आवरून छापली आहेत आणि नावं वगळली आहेत.

प्रश्न : जुळे सोलापुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गेल्या जूनमध्ये मालकांशी बोलणं झालं: महिना साडेसात हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट रोख, तीन वर्षं राहायचं. कागद काहीच केला नाही. आता ते म्हणतात, मुलाचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात खोल्या रिकाम्या करा. कागद नाही म्हटल्यावर माझं काही चालणार का?

चालेल, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त चालेल. कागद नाही म्हणजे करारच नाही, हा समज चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ तोंडी कराराला करारच मानतो. घराच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०७ एक मर्यादा घालतं: वर्षभराच्या आतला भाडेपट्टा तोंडी बोलणं आणि ताबा देणं एवढ्यावर होऊ शकतो, वर्षाहून जास्त मुदतीचा मात्र नोंदणीकृत कागदानेच होतो. म्हणून ‘तीन वर्षं राहीन’ हा हक्क तुम्हाला मुदत म्हणून मागता येणार नाही. तुमची भाडेदारी महिन्या-महिन्याची धरली जाईल.

पण महिन्या-महिन्याची भाडेदारी म्हणजे महिनाअखेर बाहेर, असं नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. पुढे कायद्याचं नाव न घेता नुसतं ‘कलम’ म्हटलं, तर ते याच कायद्याचं समजा. त्याच्या कलम १५ प्रमाणे भाडेकरू ठरलेलं भाडं देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तोवर मालकाला ताबा परत मिळत नाही. अपवाद कलम १६ मधल्या कारणांचा. मालकाची स्वतःची खरी गरज हे त्यातलं एक कारण आहे आणि मुलाच्या लग्नासाठी जागा हवी असणं त्यात बसू शकतं. तरीही ते मालकानं कोर्टात दावा लावून सिद्ध करायचं असतं. जागा सोडल्यानं भाडेकरूची जास्त ओढाताण होते की न मिळाल्यानं मालकाची, हे कोर्ट तोलून बघतं. हुकूमनामा झाल्याशिवाय कोणी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही.

याच कायद्याचं कलम ५५ सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. भाड्याचा करार, मग तो भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची नुसती परवानगी), लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती त्यानं पाळली नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं असल्याचं सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात पडतं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे कागद न करण्याचा धोका मुख्यतः मालकाचा असतो. अनेक मालक नेमकं उलटं समजून बसलेले असतात.

तुमची खरी अडचण पन्नास हजारांची आहे, कारण ते रोख दिलेत. मालकांनी उद्या ‘वीसच दिले होते’ म्हटलं तर वाद तिथे रंगेल. म्हणून भाडं रोख देणं आजपासून बंद करा, खात्यावर पाठवा, आणि पाठवल्यावर त्यांना साध्या शब्दांत संदेश करा: ‘काका नमस्कार. दोन खोल्यांचं या महिन्याचं भाडं ७,५०० आज तुमच्या खात्यावर टाकलं. जूनमध्ये दिलेलं ५०,००० डिपॉझिट तुमच्याकडे जमा आहे, त्यातून काही वळतं केलेलं नाही.’ त्यांच्याकडून नुसतं ‘मिळाले’ आलं तरी भाडेदारी, भाड्याचा आकडा आणि डिपॉझिट, तिन्ही गोष्टी एका ओळीत येतात. भांडणाची भाषा नको. ‘मी कायद्यानं बघून घेईन’ वगैरे लिहिलं की समोरचा वकील गाठतो आणि मग उत्तरच येत नाही. आणि काही झालं तरी भाडं थांबवू नका. ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ म्हणून भाडं बंद करणारा भाडेकरू स्वतःहून थकबाकीदार ठरतो आणि कलम १५ चं संरक्षण धोक्यात घालतो.

प्रश्न : अशोक चौकाजवळच्या आमच्या घरातली खालची खोली ओळखीच्या माणसाला ‘अकरा महिन्यांसाठी’ म्हणून तोंडी दिली. दीड वर्ष झालं, जात नाही. चार महिन्यांचं भाडंही थकवलंय. वीज आमच्याच मीटरवरून आहे. लाईट-पाणी तोडलं किंवा तो गावाला गेल्यावर कुलूप लावलं तर चालेल का?

अजिबात करू नका. चार महिन्यांचं भाडं थकवलेला माणूस त्या क्षणी फिर्यादी होतो आणि तुम्ही आरोपी. कलम २९ प्रमाणे भाडेकरूची वीज, पाणी, जिना, दिवाबत्ती अशी आवश्यक सोय तोडणं गुन्हा आहे आणि ती पुन्हा जोडून घेण्यासाठी तो कोर्टात अर्ज करू शकतो. कुलूप लावलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा त्याला लावता येतो. त्या दाव्यात ‘घर कुणाच्या मालकीचं’ हा प्रश्नच येत नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कायदेशीर मार्गाशिवाय काढला का, एवढंच पाहिलं जातं.

रस्ता थकबाकीचा धरा, पण पायऱ्या चुकवू नका. आधी लेखी नोटीस: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, दरमहा किती, एकूण किती थकलं, ते द्या. नोटीस पोस्टानं पोच मिळेल अशा रीतीने पाठवा आणि पोचेचा कागद जपून ठेवा. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. त्याआधी दावा लावता येत नाही. या ९० दिवसांत त्यानं सगळं भरलं, तर या थकबाकीवर दावा उरत नाही. नाही भरलं तर दावा लावा. मात्र दाव्याचं समन्स मिळाल्यापासून पुन्हा ९० दिवसांत त्यानं थकलेलं भाडं सालाना १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरलं, पुढे दर महिन्याला भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताबा मिळत नाही.

नोटिसा बहुधा तीन ठिकाणी फसतात. आकडा फुगवलेला असतो: भाडं दोन हजार, मागणी अडीच हजारांच्या हिशेबानं, कारण मालकानं मनातल्या मनात वाढ धरलेली असते. किंवा ‘आठ दिवसांत खोली सोडा नाहीतर सामान बाहेर फेकू’ अशी धमकी लिहिलेली असते आणि ती पुढे भाडेकरूच्याच वकिलाच्या हाती जाते. किंवा नोटीस पाठवल्यावर साठाव्या दिवशी घाईनं दावा लावलेला असतो. आणखी एक गोष्ट: नोटीस दिल्यावर त्यानं भाडं पाठवलं तर ‘घेतलं तर माझा हक्क जाईल’ या भीतीनं परत करू नका. तारीख आणि कोणत्या महिन्याचं ते लिहून घ्या, पावती द्या.

‘अकरा महिनेच ठरले होते’ हे तुमचं म्हणणं खरं असेलही, पण लिहिलेलं नाही. कलम ५५ मुळे ‘अशी काही मुदत नव्हती, मी भाडेकरू आहे’ हे त्याचं म्हणणं भारी पडतं. लेखी लिव्ह अँड लायसन्स असता तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता आणि मुदत संपल्यानंतरच्या दिवसांसाठी दुप्पट शुल्क मागता आलं असतं. तो दरवाजा तोंडी बोलण्याला उघडत नाही.

प्रश्न : आम्ही स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार करून नोटरी करतो. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही ना? मग एवढा उपद्व्याप कशाला?

नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट आहे. त्यामुळेच अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात कलम ५५ मुदत बघत नाही. पाच महिन्यांचा करार असला तरी तो नोंदवायचा. नोटरी फक्त सह्या समोर झाल्याचं सांगतो. त्यानं करार नोंदणीकृत होत नाही.

आणि खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क असं निघतं: पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न होणारी रक्कम असल्यास ती, अधिक परत होणाऱ्या डिपॉझिटवर सालाना १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. समजा महिना ९,५०० भाडं, ६०,००० डिपॉझिट, मुदत २४ महिने. भाडं २,२८,००० आणि व्याज १२,०००, बेरीज २,४०,०००. शुल्क ६०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. १,६०० रुपये आणि किरकोळ हाताळणी शुल्क. वाद झाल्यावर वकिलाच्या पहिल्या नोटिशीचा खर्च सहसा याहून जास्त असतो. अकरा महिन्यांनी पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा एकच करार करून मधल्या वाढीचा आकडा त्यातच लिहिलेला बरा. हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारांना आहे.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येतं: दोघांची आणि जागेची माहिती भरायची, मसुदा वाचायचा, शुल्क भरायचं, मग दोन्ही पक्षांचे आणि दोन ओळखदारांचे फोटो व अंगठ्याचे ठसे. ठसा आधारशी जुळवला जातो आणि अडतं ते इथेच. वर्षानुवर्षं हातानं काम करून, वयानं किंवा भाजल्यानं ठसे झिजलेले असले की यंत्र ओळखत नाही. अशा वेळी वेगवेगळी बोटं लावून पाहा. नाहीच झालं तर छापील करार घेऊन दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदवा. मसुद्यात जागेचा सिटी सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक मनपाच्या कर-पावतीवरून उतरवा, आठवणीतून नको. ताबा देताना वीज मीटरचं रीडिंग, डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं आणि रंगरंगोटी कुणी करायची, या तीन ओळी आवर्जून घाला. घर सोडताना होणारी बहुतेक भांडणं या तीन मुद्द्यांवरच होतात.

प्रश्न : मालकांनी अटी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर मान्य केल्या आहेत. हा पुरावा चालतो का?

चालतो, पण नुसता स्क्रीनशॉट छापून नेला तर नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा, लिहायची असते. जुन्या पद्धतीचं एका पानाचं प्रमाणपत्र देऊन पुरते असं समजू नका.

म्हणून फोन बदलताना संभाषण पुसू नका, जुना हँडसेट विकू नका. मालकाचा नंबर टोपणनावानं जतन केला असेल तर चित्रात नुसतं ‘काका’ दिसतं. नंबर दिसेल अशी प्रतही ठेवा. आवाजाची नोंद मूळ फाइलसकट ठेवा, कापू नका. आणि एकाच पुराव्यावर भिस्त ठेवू नका. यूपीआयनं भाडं देताना शेऱ्यात ‘जून भाडं’ लिहिलेलं असलं, गॅसच्या नोंदणीवर पत्ता असला, पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती असली, शेजारी सांगायला तयार असले, की मेसेजमधल्या अटींना आधार मिळतो. मेसेज अटी सांगतात. ही बाकीची कागदं तुम्ही तिथे राहता हे सांगतात. दोन्ही लागतं.

प्रश्न : अक्कलकोट रोडला भाड्याच्या शेडमध्ये यंत्रमाग टाकलेत. मालक म्हणाले होते, ‘पाहिजे तसं करून घ्या.’ आम्ही मागांसाठी काँक्रीटचा पाया घातला, मागच्या बाजूला पक्की भिंत बांधून सुताची खोली काढली. आता तेच त्यावरून जागा सोडा म्हणतात. आणि सोडायची वेळ आली तर माग नेता येतील का?

तोंडी बोलण्याचा खरा घात इथे होतो. कलम १६ मध्ये मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणं हे ताबा परत घेण्याचं कारण आहे. कायदा इथे ‘लेखी’ हाच शब्द वापरतो, म्हणून ‘ते म्हणाले होते’ पुरत नाही. त्यांनी खरंच म्हटलं असलं तरी. कायमस्वरूपी बांधकामात काय मोडत नाही याची यादीही तिथेच आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, जाळीकाम, हवेसाठी उघडलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी बसवणं, एक्झॉस्टची वाट, धुराडं. पक्की विटांची भिंत या यादीत नाही. यंत्राच्या पायाबद्दल वाद होऊ शकतो, कारण तो यंत्र बसवण्यापुरता आहे. भिंतीबाबत तुमची बाजू कमजोर आहे.

दावा लागायच्या आत मालकांशी बसून लेखी मान्यता घ्या. शक्य असेल तर भिंतीच्या बदल्यात काही देऊन, मोजमाप आणि नकाशासकट दोघांच्या सहीचा कागद करा. नाही जमलं तर बांधकामाच्या वेळची बिलं, मालक ये-जा करत होते हे सांगणारे साक्षीदार आणि त्यानंतरही त्यांनी वाद न घालता भाडं घेतल्याच्या नोंदी गोळा करा. त्यानं लेखी परवानगीची जागा भरत नाही, पण मालकांना सगळं माहीत होतं हे तरी दाखवता येतं.

माग मात्र तुमचेच. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ भाडेकरूला जमिनीला जोडलेल्या वस्तू काढून नेऊ देतं, भाडेदारी संपल्यावरसुद्धा, पण ताबा तुमच्याकडे असेपर्यंतच. आणि जागा घेतली तशी करून द्यायची अट आहे. म्हणून किल्ली देण्याआधी माग उतरवा, बोल्टची भोकं आणि पाया बुजवा, तारखेसह फोटो काढा. किल्ली आधी दिली आणि ‘माग नंतर नेतो’ म्हटलं, तर मालक फाटक उघडेपर्यंत तुम्ही अडकता.

प्रश्न : नवी पेठेत आजोबांच्या काळापासून दुकान आहे, कागद कधीच नव्हता, पावत्या आजोबांच्या नावावर. वडीलही आता नाहीत. मालकाची नवी पिढी पावती देत नाही, भाडं १,२०० वरून पाच हजार करा म्हणते.

दुकान वडील चालवत असताना तुम्हीही त्यात बसत असाल, तर कलम ७(१५) प्रमाणे भाडेकरूचा हक्क तुमच्याकडे येतो. कोणीच बसत नसेल तर वारसांनी आपसात ठरवायचं, न ठरल्यास कोर्ट ठरवतं. वडिलांच्या मृत्यूच्या सुमाराची दुकानातली कागदं, म्हणजे शॉप ॲक्टची नोंद, जीएसटी, माल मागवल्याची बिलं, तुमच्या नावाची असतील तर काढून ठेवा. नुसता वारस दाखला इथे पुरत नाही, तुम्ही दुकान वापरत होता हे दाखवावं लागतं.

वाढ कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्के. १,२०० वर ती ४८ रुपये होते. ती तुम्ही स्वतःहून द्यायला लागा. कोर्टात तुमची नियत दिसते. पावती देणं कलम ३१ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे आणि न देणाऱ्याला दंड आहे. तोवर भाडं त्यांच्या खात्यावर भरा. खातं देत नसतील तर पोस्टानं पाठवा आणि नाकारल्याचा शेरा जपा. एक सावधगिरी: दुकान सहा महिने सलग, सबळ कारणाशिवाय बंद ठेवलं, किंवा परवानगी न घेता दुसऱ्याला चालवायला दिलं, तर ती दोन्ही ताबा जाण्याची कारणं आहेत. जुनी दुकानं बहुतेक याच दोन चुकांमुळे जातात. हा कायदा बँका आणि एक कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्यांना लागू नाही. तुम्हाला तो लागू आहे.

प्रश्न : ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ असा नवा कायदा आल्याचं फिरतंय. खरं का?

तो आकडा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. तो नमुना आहे. राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. तुमचं डिपॉझिट १९९९ च्या कायद्यावर आणि तुमच्या करारावर चालतं.

प्रश्न : घर सोडून पाच महिने झाले, मालक डिपॉझिट देत नाहीत. रक्कम चाळीस हजार, बोलणं तोंडी. मी एकटी आहे, वकील परवडत नाही.

घर सोडल्याच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. वेळ आहे, पण पुरावा शिळा होतो. आधी एक लेखी मागणी पाठवा: घर कधी सोडलं, किल्ली कुणाला दिली, रक्कम किती, पंधरा दिवसांची मुदत. डिपॉझिट बँकेतून काढून रोख दिलं असेल तर त्या दिवसाचा खातेउतारा काढा. पैसे काढल्याची आणि घर घेतल्याची तारीख जवळ असली तर त्याला वजन येतं.

वकिलाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोनवर चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. अर्ज करताना ‘दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवावं’ असंच मागा. दावा लावण्याआधीच मालकांना बोलावलं जातं आणि चाळीस हजारांसाठी बहुतेक मालक तिथे हप्ते मान्य करतात. तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणून सही करण्याआधी हप्त्याची रक्कम, तारखा आणि एक हप्ता चुकला तर सगळी रक्कम एकदम देण्याची अट कागदावर आली आहे ना, हे वाचून बघा.